बावीस मिलिलिटर

मत्रहच्या बाजारात, लोबानाच्या दुकानामागे,
सहा बाय आठची आमची गलाईची जागा.
भट्टी, मूस, टाकणखार, कुरकुरणारा पंखा
आणि मधाची एक रिकामी बरणी;
गळ्याशी भोक पाडून तिला मी नळी बसवलीय.
हे माझं सगळ्यात भरवशाचं यंत्र.

वेडंवाकडं काही आलं,
खंजिराची मूठ, उंटाच्या गळ्यातली घुंगरं,
तर पट्टी लावणार कुठे?
विट्यात, मी चौदाचा असताना,
रंगूअण्णा म्हणायचे, पाण्याला विचार.
त्याला भूमिती येत नाही,
म्हणून सगळे आकार येतात.

बरणी नळीच्या तोंडापर्यंत भरायची.
शेवटचा थेंब पडून थांबेतो वाट बघायची.
मग दोऱ्याला बांधून वस्तू हळूच सोडायची.
जेवढी ती आत, तेवढं पाणी बाहेर.
बाहेरचं मोजायचं डोळा खाली आणून,
काचेला चढलेली कड नाही,
मधला खोलगट भाग धरून.

इथं नळालाही समुद्रच येतो, मीठ काढून घेतलेला.
जूनमध्ये दुपारी टाकीतलं पाणी चहाइतकं तापतं,
म्हणून मी पहाटेच डबाभर काढून ठेवतो.

गुरुवारी मौजाबीबी आल्या, सूरहून, भाच्याच्या गाडीतून.
रुमालात पायातला तोडा. एकच.
दुसऱ्याचं मी विचारलं नाही.
"चांदी आहे ना?"
हिंदी, अरबी, बलुची,
बाजारात जी मिळून चालते त्या भाषेत.

वजन तीनशे पंधरा ग्रॅम.
पाण्यात सोडला तर नक्षीत बुडबुडे अडकले.
दोऱ्याला टिचकी मारत एकेक सोडवला;
राहिला तर तोही धातूत मोजला जातो.
बावन्न मिलिलिटर.
भागाकार केला. सहा.
चांदीला साडेदहा यायला हवेत.
जस्तसुद्धा सातच्या वर भरतं.

बीबी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
मी तोडा कसोटीवर घासला, तेजाब सोडलं.
रेघ लालभडक.
चांदी. चांगली चांदी.

मग कानाशी नेऊन हलवला.
आत खडे.

आकडा खोटा नव्हता, मीच अर्धं विचारलं होतं.
पाणी सांगतं, कुणी किती जागा अडवली.
आत काय ते त्याला ठाऊक नाही,
त्याला आत घेतलं कुणी?
(आमच्या खोलीच्या मालकानंही मला मोजलंय:
एक खाट, दोन खुंट्या, फ्रिजचा खालचा कप्पा.)

बोटांवर हिशेब करून दाखवला.
तीस चांदीचे. उरले बावीस.
"बावीस काय?"
"खडे. आणि हवा."
"कुणाची हवा?"

याचं उत्तर मला अरबीत येईना. मराठीतही.
त्यांच्या आजीच्या लग्नाला
निझवाच्या कुणा सोनारानं डाग देऊन
शेवटची फट बुजवली, तेव्हा जी होती ती.
त्या दुपारची. कोळशाची, थोडी त्याच्या घामाची.
चार-पाच चमचे.
तेव्हापासून कुणाच्या नाकात न गेलेली.

"वितळवू का? भाव चढलाय," मी धंद्याचं बोललो.
बीबींनी तोडा उचलला, ओलाच,
कानाशी धरून दोनदा वाजवला,
भाच्याच्याही कानाशी वाजवला.
त्यानं मोबाईलवरून मान वर केली नाही.
टेबलावर अर्धा रियाल ठेवून त्या गेल्या.

मोजलेलं पाणी मी एरवी बरणीत परत ओततो.
त्या दिवशी बशीत काढून दारात ठेवलं.
धूपवाल्याची कान फाटलेली मांजर आली,
निम्मं प्यायली,
निम्मं तसंच सोडून
सावली सरकली तिकडे जाऊन बसली.